विश्लेषण : पाच शतके उघड्यावर टिकलेला कांस्य दरवाजा आता काचेआड का? कोण होता लोरेन्झो गिबेर्ती?

इटलीतील फ्लोरेन्स शहरात कॅथेड्रलच्या अगदी समोर पांढऱ्या आणि हिरव्या संगमरवराची एक अष्टकोनी इमारत आहे. हे शहराचे बाप्तिस्मागृह. त्याच्या पूर्वेकडच्या सोनेरी दरवाजासमोर पर्यटकांची कायम गर्दी असते. मोबाइल उंच धरून फोटो काढले जातात, सेल्फी घेतल्या जातात. हा दरवाजा नकली आहे. मूळ दरवाजा १९९० मध्ये तिथून हलवण्यात आला. तो आता काही पावलांवरच्या संग्रहालयात, हवाबंद काचेच्या पेटीत उभा आहे.

तो बनवणाऱ्याचे नाव लोरेन्झो गिबेर्ती. ७७ वर्षांच्या आयुष्यातील जवळपास ५० वर्षे त्याने या एकाच इमारतीच्या दोन दरवाजांवर घालवली. लाकूड कुजते, लोखंड गंजते, कांस्य मात्र टिकते, या विश्वासावर तो सगळा खटाटोप उभा होता. तो विश्वास बराचसा खरा ठरला. पण पूर्ण नाही. नेमके काय टिकले आणि काय बिघडले, हे त्याच्या कामाच्या पद्धतीतूनच समजते.

सोनाराच्या दुकानातला मुलगा

गिबेर्तीचा जन्म १३७८ चा. त्याच्या आईचे नाव फिओरे. तिचे लग्न चिओने गिबेर्ती याच्याशी झाले होते, पण ती नवऱ्याला सोडून बार्तोलो दी मिकेले या सोनाराकडे राहायला गेली. लोरेन्झो याच सोनाराच्या घरात वाढला आणि त्याच्याच दुकानात काम शिकला. धातू तापवणे, ओतणे, घासणे, मुलामा देणे हे सगळे त्याने लहान प्रमाणावर, दागिन्यांच्या मापात शिकून घेतले. पुढे पाच मीटर उंच दरवाजा करतानाही त्याचा हात सोनाराचाच राहिला. त्याच्या कामात झाडाची पाने, केसांच्या बटा, पक्ष्यांची पिसे इतकी बारीक का आहेत, याचे उत्तर तिथे आहे.

१४०० मध्ये फ्लोरेन्समध्ये प्लेग पसरला. लोरेन्झो शहर सोडून गेला आणि एड्रिअॅटिक किनाऱ्याकडे मालातेस्ता घराण्यातील एका सरदाराकडे भिंतीवरची चित्रे रंगवू लागला. तिथे त्याचे बरे चालले होते. तेवढ्यात बातमी आली की फ्लोरेन्समध्ये बाप्तिस्मागृहाच्या दरवाजासाठी स्पर्धा जाहीर होत आहे. काम सोडून तो परतला. तेव्हा तो २२-२३ वर्षांचा होता, त्याच्या नावावर एकही मोठे काम नव्हते आणि कारागिरांच्या संघात नोंदणीही नव्हती. ती पुढे १४०९ मध्ये झाली.

दरवाजाला कांस्यच का?

कांस्य म्हणजे मुख्यतः तांबे आणि कथील यांचा मिश्रधातू. आपल्याकडे तळपाय घासायला वापरतात ती काशाची वाटी याच कुळातली. तिच्यात कथील बरेच, साधारण २२ टक्क्यांच्या आसपास असते. त्यामुळे ती कडक असते, पण ठिसूळही. फरशीवर जोरात आपटली तर तडकू शकते. मूर्ती आणि दरवाजांसाठीच्या कांस्यात कथील त्याहून पुष्कळ कमी ठेवतात.

नुसत्या तांब्याचे ओतकाम अवघड असते. तांबे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते, रस नीट वाहत नाही, त्यात वायू अडकतात आणि थंड झाल्यावर आत पोकळ्या राहतात. थोडे कथील मिसळले की वितळणबिंदू खाली येतो, रस साच्याच्या कानाकोपऱ्यात पोहोचतो आणि गार झालेला धातू तांब्यापेक्षा कडक होतो. म्हणजे ओतायला सोपे आणि वापरायला मजबूत.

दुसरा गुण हवामानाशी निगडित आहे. लोखंडाचा गंज सच्छिद्र असतो. तो पापुद्र्यांनी सुटतो आणि खालचे ताजे लोखंड पुन्हा हवेला उघडे पडते. तांब्याच्या मिश्रधातूंवर चढणारा तपकिरी-हिरवा थर बहुतेक वेळा घट्ट बसतो आणि आतल्या धातूला झाकून ठेवतो. तांब्या-पितळेचे भांडे कळकते तेव्हा दिसतो त्याच जातीचा हा थर. रोममधील पॅन्थिऑनचे प्रचंड कांस्य दरवाजे याच्या बळावर आजही उघडतात आणि बंद होतात.

कांस्याला हवेपेक्षा मोठा धोका माणसाकडून असतो. ते पुन्हा वितळवता येते आणि तोफा त्याच्याच होतात. पॅन्थिऑनच्या द्वारमंडपाच्या छतातील कांस्य पोप आठवा अर्बन याने १६२० च्या दशकात काढून घेतले आणि त्याचा मोठा भाग तोफांसाठी वापरला. मायकेलअँजेलोने बोलोन्यात उभारलेला पोप दुसरा ज्युलियस याचा कांस्य पुतळा तर जेमतेम तीन-चार वर्षे टिकला. १५११ मध्ये तो पाडून त्याची तोफ ओतली गेली. दगडाचा पुतळा शत्रू फोडून टाकतो, कांस्याचा घेऊन जातो.

फ्लोरेन्सला कांस्य दरवाजांची ओढ जुनी होती. शेजारच्या पिसा शहराच्या कॅथेड्रलला ते होते आणि पिसाशी स्पर्धा तर कायमचीच. १३३० च्या दशकात आन्द्रेआ पिसानो याने बाप्तिस्मागृहासाठी पहिला कांस्य दरवाजा केला. त्या वेळी फ्लोरेन्समध्ये एवढे मोठे ओतकाम जमणारे कोणी नव्हते. व्हेनिसहून घंटा ओतणारा कारागीर आणावा लागला होता. दुसऱ्या दरवाजाची वेळ येईपर्यंत मध्ये ६० हून अधिक वर्षे गेली.

सात किलोंचा फरक

बाप्तिस्मागृहाची देखभाल ‘कालिमाला’ या कापड व्यापाऱ्यांच्या संघाकडे होती. परदेशी लोकरी कापड आणून त्यावर प्रक्रिया करून विकणारे हे धनाढ्य व्यापारी. १४०१ च्या सुमारास त्यांनी स्पर्धा जाहीर केली. शहर तेव्हा सुखात नव्हते. प्लेग नुकताच होऊन गेला होता आणि मिलानचा ड्यूक जान गालेआत्सो विस्कोन्ती याने फ्लोरेन्सला जवळपास वेढले होते. अशा काळात दरवाजावर पैसा ओतणे म्हणजे शहर टिकणार आहे, असे जाहीर करणे होते. सप्टेंबर १४०२ मध्ये ड्यूक आजारपणात वारला आणि संकट टळले.

अंतिम फेरीत सात जण होते. प्रत्येकाला ठरावीक कांस्य आणि साधारण एक वर्षाचा अवधी देण्यात आला. विषय सगळ्यांना एकच : अब्राहम आपला मुलगा इसहाक याचा बळी द्यायला निघतो आणि देवदूत त्याला थांबवतो, तो बायबलमधील प्रसंग. परीक्षक ३४. सातपैकी दोनच नमुने आज उरले आहेत, एक गिबेर्तीचा आणि दुसरा फिलिप्पो ब्रुनेलेस्कीचा. दोन्ही फ्लोरेन्सच्या बार्जेल्लो संग्रहालयात आहेत, त्यामुळे सहा शतकांनंतरही कोणालाही परीक्षक होता येते.

ब्रुनेलेस्कीचा प्रसंग जास्त नाट्यमय आहे. देवदूत अब्राहमचा हात खरोखर पकडतो, सुरी मुलाच्या गळ्याशी आहे. गिबेर्तीचा प्रसंग शांत आहे आणि त्यातील इसहाकचे शरीर एखाद्या प्राचीन ग्रीक-रोमन शिल्पासारखे घडवलेले. आवडीनिवडीचा भाग सोडला तर तांत्रिक फरक मात्र मोजता येतो. ब्रुनेलेस्कीने आकृत्या वेगवेगळ्या ओतून जाड पत्र्यावर बसवल्या. गिबेर्तीने जवळजवळ सगळे पॅनेल एकाच ओतकामात केले आणि आकृत्या मागून पोकळ ठेवल्या. ब्रुनेलेस्कीच्या पॅनेलचे वजन सुमारे २५.५ किलो, गिबेर्तीचे सुमारे १८.५. फरक सात किलोंचा. दरवाजाला अशी २८ पॅनेल लागणार होती, म्हणजे जवळपास २०० किलो कांस्याची बचत. कांस्य महाग होते आणि हिशेब तपासणारे व्यापारी होते. शिवाय एकसंध ओतलेल्या पॅनेलमध्ये सांधे कमी, म्हणजे पुढे सुटण्याच्या जागाही कमी.

निकालाबद्दल दोन हकिगती आहेत. गिबेर्तीने स्वतःच्या आठवणींत आपण एकमताने जिंकल्याचे लिहून ठेवले आहे. ब्रुनेलेस्कीच्या चरित्रकाराच्या मते दोघांना मिळून काम देण्यात आले होते आणि ब्रुनेलेस्कीने भागीदारी नाकारली. दोन्ही बाजू आपापल्या माणसाची बाजू सांभाळतात. करारावर नाव मात्र गिबेर्तीचे आहे. ब्रुनेलेस्की पुढे स्थापत्याकडे वळला आणि समोरच्या कॅथेड्रलचा जगप्रसिद्ध घुमट त्याने बांधला. १४२० मध्ये घुमटाच्या कामावर दोघांची बरोबरीने नेमणूक झाली, पण ते काम ब्रुनेलेस्कीचेच ठरले. गिबेर्तीला मोठ्या बांधकामाचे अंग नव्हते, हे स्पष्ट आहे.

२१ वर्षे, २८ पॅनेल

करार २३ नोव्हेंबर १४०३ चा. लोरेन्झोबरोबर त्यावर सावत्र वडील बार्तोलोचेही नाव होते. वर्षाला तीन पॅनेल पूर्ण करायची अशी अट होती. ती पाळली गेली नाही. १४०७ मध्ये नवा, अधिक कडक करार झाला. गिबेर्तीने दुसरी कामे परवानगीशिवाय घ्यायची नाहीत आणि केस, अवयव यांसारखे नाजूक भाग स्वतःच्या हाताने करायचे, असे त्यात ठरले. मोबदला वर्षाला २०० फ्लोरिन. आजच्या भाषेत सांगायचे तर क्लायंटने डेडलाइन चुकल्यावर एक्स्लुझिव्हिटीची अट घातली होती.

उशीर का होत होता, हे ओतकामाची पद्धत पाहिली की कळते. आधी मेणात हुबेहूब शिल्प करायचे. त्याला मेणाच्याच नळ्या जोडायच्या, काही धातूचा रस आत जाण्यासाठी आणि काही हवा बाहेर पडण्यासाठी. कोल्हापूरच्या फाउंड्रीतील माणूस यांना लगेच रनर आणि व्हेंट म्हणून ओळखेल. मग त्यावर उष्णता सहन करणाऱ्या मातीचे थर चढवायचे, साचा भाजायचा, मेण वितळून वाहून जाते आणि आत शिल्पाच्या आकाराची पोकळी उरते. त्या पोकळीत कांस्याचा रस ओतायचा. गार झाल्यावर साचा फोडायचा. जेट इंजिनातील टर्बाइनची पाती आजही याच तत्त्वावर ओतली जातात.

या पद्धतीत मधल्या टप्प्यात डोकावता येत नाही. माती ओलसर राहिली तर वाफेने साचा फुटतो. रस थोडा थंड झाला तर बोटे, नाक, कपड्याच्या कडा भरतच नाहीत. जाड भाग उशिरा गार होतो आणि आकसताना पातळ भागाला ओढतो, तिथे तडा जातो. उठावशिल्पात तर पुढची आकृती जाड आणि मागची पातळ असणारच. काय झाले आहे ते साचा फोडल्यावरच दिसते आणि तोवर मेणाचा नमुना नष्ट झालेला असतो.

ओतकाम साधले तरी काम संपत नाही. साच्यातून निघालेले कांस्य खरबरीत असते, नळ्यांचे खुंट तसेच असतात. ते कापायचे, भोके बुजवायची, मग छिन्नी, कानस आणि घासणीने प्रत्येक डोळा, प्रत्येक चुणी साफ करायची. खरा वेळ इथे जातो. गिबेर्तीच्या कार्यशाळेत त्यासाठी मदतनिसांचा मोठा ताफा होता. पुढे शिल्पकार म्हणून गाजलेला दोनातेल्लो आणि चित्रकार पाओलो उच्चेल्लो तरुणपणी इथेच कामाला होते. फ्लोरेन्समधील कलाकारांच्या एका पिढीचे हे प्रशिक्षण केंद्रच झाले, असे म्हणायला हरकत नाही.

पहिला दरवाजा १४२४ च्या ईस्टरला बसला. करार झाला तेव्हा २५ वर्षांचा असलेला गिबेर्ती आता ४५ च्या पुढे गेला होता.

आठ फुटांचा पुतळा आणि स्वतःच्या खिशातला धोका

या काळात त्याने दरवाजाबाहेरही कामे केली, संघांच्या परवानगीने. फ्लोरेन्समध्ये ओर्सानमिकेले नावाची इमारत आहे. ती धान्याचे कोठार आणि चर्च दोन्ही होती. तिच्या बाहेरच्या कोनाड्यांत प्रत्येक व्यापारी संघाने आपल्या संताचा पुतळा बसवायचा होता. बहुतेकांनी संगमरवर निवडला. कालिमालाला कांस्य हवे होते, कारण ते कितीतरी महाग होते आणि ते परवडते हे दाखवायचे होते. गिबेर्तीने केलेला सेंट जॉनचा हा पुतळा २.५५ मीटर, म्हणजे आठ फुटांहून उंच आहे. एवढा मोठा कांस्य पुतळा ओतण्याचे धाडस शहरात कोणी केले नव्हते. करारात धोका गिबेर्तीवर टाकण्यात आला : ओतकाम फसले तर धातूचा खर्च त्याने सोसायचा. ते फसले नाही.

पुढच्या वेळी नशीब तेवढे चांगले नव्हते. सराफांच्या संघासाठी केलेल्या सेंट मॅथ्यूच्या पुतळ्याचा काही भाग पहिल्या ओतकामात नीट आला नाही. गिबेर्तीने तो स्वतःच्या खर्चाने पुन्हा ओतला. पुतळा जागेवर उभा राहिला आणि त्यानंतर तिसऱ्या पुतळ्याचे काम लोकरीच्या संघाकडून मिळाले. ठेकेदार आणि कलाकार यांच्यातील विश्वास कसा तयार होतो, याचे हे जुने पण चांगले उदाहरण आहे. १४२७ च्या कर नोंदींमध्ये गिबेर्ती घर, कार्यशाळा आणि जमीन असलेला सधन माणूस म्हणून दिसतो. कलाकार उपाशी राहतो ही कल्पना त्याच्या बाबतीत तरी लागू नाही.

दुसरा दरवाजा : २८ ऐवजी १०

पहिला दरवाजा बसून वर्षही झाले नव्हते. २ जानेवारी १४२५ रोजी कालिमालाने त्याला तिसऱ्या प्रवेशद्वारासाठीही काम दिले, या वेळी स्पर्धा न घेता. विद्वान लिओनार्दो ब्रुनी याने आराखडा सुचवला होता, त्यात पुन्हा २८ पॅनेल होती. गिबेर्तीने शेवटी संख्या १० वर आणली. हा त्याच्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय म्हणावा लागेल.

पॅनेल सुमारे ८० सेंटिमीटर चौरस झाली, म्हणजे एका चौकटीत एकच प्रसंग मांडण्याची सक्ती उरली नाही. आदम आणि ईव्हच्या पॅनेलमध्ये आदमची निर्मिती, ईव्हची निर्मिती, मोह आणि स्वर्गातून हकालपट्टी हे सगळे एकाच दृश्यात आहे. याकोब आणि एसाव यांच्या पॅनेलमध्ये कमानींची भव्य इमारत मागे सरकत जाते आणि तिच्या आत-बाहेर कथेचे वेगवेगळे क्षण घडतात. पुढच्या आकृत्या पार्श्वभूमीपासून जवळपास सुटलेल्या, मधल्या अर्ध्या उठावाच्या आणि मागच्या तर धातूवर नुसत्या ओरखड्यासारख्या. काही सेंटिमीटर जाडीच्या धातूत मैलभर अंतराचा भास होतो. ओतकामाच्या दृष्टीने हे आणखी कठीण, कारण एकाच पॅनेलमध्ये जाड आणि पातळ यांच्यातील तफावत वाढली.

१४३७ पर्यंत दहाही पॅनेल ओतून झाली होती. दरवाजा बसला १४५२ मध्ये. मधली १५ वर्षे मुख्यतः घासकाम, चौकट आणि मुलाम्यात गेली. सांता मारिया नुओवा रुग्णालयासमोरच्या कार्यशाळेत काम चालले. मिकेलोत्सो, बेनोत्सो गोत्सोली ही पुढे मोठी झालेली नावे इथे पगारी मदतनीस होती. गिबेर्तीचा मुलगा वित्तोरिओही हाताशी आला. चौकटीतील छोट्या मस्तकांमध्ये एक टक्कल पडलेला, भुवया किंचित उंचावलेला, मिश्कील चेहरा आहे. तो खुद्द गिबेर्तीचा. शेजारच्या पाखेवरचे तरुण मस्तक वित्तोरिओचे मानले जाते.

याच वर्षांत त्याला एका बोचऱ्या प्रकरणाला तोंड द्यावे लागले. १४४० च्या दशकात शहराच्या एका महत्त्वाच्या मंडळावर त्याची निवड झाली तेव्हा, तो औरस संतती नसल्याने पदाला अपात्र आहे, अशी निनावी तक्रार झाली. आईने सोनाराकडे जाऊन राहण्याचा तो जुना विषय ६० वर्षांनी पुन्हा उकरण्यात आला. ज्या बार्तोलोने त्याला घडवले त्याला बाजूला ठेवून आपण चिओनेचा कायदेशीर मुलगा आहोत, हे त्याला सिद्ध करावे लागले. तरुणपणी तो स्वतःला बार्तोलोचाच मुलगा म्हणवत असे.

सोने आणि पारा

पहिल्या दरवाजात फक्त उठावाच्या भागांवर सोने आहे, मागची जमीन उघड्या कांस्याची. दुसऱ्यात दर्शनी बाजूची आकृत्या, आकाश, झाडे सगळी सोन्याने झाकली आहेत. हा मुलामा पत्रा चिकटवून केलेला नाही. सोने पाऱ्यात विरघळवून लोण्यासारखा लगदा तयार करतात, तो कांस्यावर पसरतात आणि खालून उष्णता देतात. पारा ३५७ अंशांना उकळून उडून जातो आणि सोने धातूला घट्ट पकडून राहते. कांस्यात शिसे जास्त असले तर हे नीट जमत नाही, त्यामुळे मिश्रधातूची निवडही मुलामा डोळ्यांसमोर ठेवून करावी लागते.

उडालेला पारा कार्यशाळेच्या हवेतच राहतो. तो श्वासातून शरीरात गेला की हात थरथरू लागतात, दात हलतात, पुढे मेंदूवर परिणाम होतो. या दरवाजाच्या झळाळीची किंमत कोणत्याही हिशेबवहीत फ्लोरिनमध्ये लिहिलेली नाही, ती मुलामा देणाऱ्या हातांनी दिली.

१४५२ मध्ये दरवाजा तयार झाल्यावर तो इतका सुंदर दिसला की कॅथेड्रलसमोरची मानाची पूर्वेकडची जागा त्याला देण्यात आली. गिबेर्तीचा स्वतःचा पहिला दरवाजा तिथून काढून उत्तरेला हलवला गेला. पुढे मायकेलअँजेलोने हा दरवाजा स्वर्गाला शोभेल असे म्हटल्याची आख्यायिका आहे आणि ‘स्वर्गद्वार’ हे नाव रूढ झाले. बाप्तिस्मागृह आणि कॅथेड्रल यांच्यामधल्या जागेलाही स्वर्ग म्हणत, त्यामुळे नावाचे मूळ तिथेही असू शकते.

अखेरच्या वर्षांत गिबेर्तीने ‘कोमेन्तारी’ हा ग्रंथ लिहायला घेतला. त्यात प्राचीन कलेचा इतिहास, आधीच्या इटालियन कलाकारांची माहिती, प्रकाश आणि दृष्टीचे शास्त्र आणि स्वतःच्या कामाची हकिगत आहे. युरोपातील कलाकाराने लिहिलेले, आज उपलब्ध असलेले हे सर्वांत जुने आत्मकथन मानले जाते. १ डिसेंबर १४५५ रोजी तो वारला. सांता क्रोचे चर्चमध्ये त्याचे दफन झाले.

मग बिघडले काय?

पाचशे वर्षांत धूळ, धूर आणि काजळीने दरवाजा काळवंडला. इतका, की तो सोनेरी आहे हेच विस्मरणात गेले. दुसऱ्या महायुद्धात सुरक्षिततेसाठी दरवाजे काढून ठेवले होते. युद्धानंतर साफसफाई झाली तेव्हा काळ्या थराखाली सोने शिल्लक असल्याचे दिसले. दरवाजा पुन्हा चमकला आणि परत रस्त्यावर बसवण्यात आला. पण आता समोरून मोटारी जात होत्या.

४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नो नदीला महापूर आला. सर्वांत मोठा तडाखा सांता क्रोचे भागाला, म्हणजे गिबेर्तीची कबर आहे तिथे बसला. बाप्तिस्मागृहाशी पाण्याच्या लोंढ्याने, चिखल आणि इंधन तेलासह, स्वर्गद्वाराच्या दहापैकी पाच पॅनेल उखडली. ती चिखलात सापडली. पॅनेल तुटली नाहीत, धातू म्हणून कांस्याने आपले काम चोख केले होते.

खरी अडचण पुराने केलेली नव्हती. ती सोन्याखाली होती. सोने आणि तांब्याचा मिश्रधातू एकमेकांना चिकटून असतात आणि मध्ये ओलावा शिरतो, तेव्हा बारीकशी बॅटरीच तयार होते. सोने गंजत नाही, म्हणून सगळी झीज कांस्याच्या वाट्याला येते, उघड्या कांस्यापेक्षा जास्त. मुलाम्यात सूक्ष्म छिद्रे असतातच. तिथून ओलावा आणि हवेतील आम्ल आत जाते आणि सोन्याखाली तांब्याचे क्षार तयार होतात. हवा दमट झाली की क्षार विरघळतात, कोरडी झाली की पुन्हा स्फटिक होतात आणि फुगतात. दिवस-रात्र, उन्हाळा-हिवाळा हे चक्र चालू राहते. सोन्याचा थर केसापेक्षा कितीतरी पातळ. तो खालून फोड आल्यासारखा उचलला जातो आणि शेवटी फुटतो. उघडे कांस्य स्वतःच्या हिरव्या थराखाली शांत बसले असते. गिबेर्तीने त्याला जे सर्वांत मौल्यवान कवच दिले, त्यामुळेच त्याला आतून बाधा झाली.

दुरुस्ती कशी झाली?

फ्लोरेन्समधील ‘ओपिफिचो देल्ले पिएत्रे दुरे’ या संवर्धन संस्थेने काम हाती घेतले आणि ते तीन दशकांच्या आसपास चालले, म्हणजे गिबेर्तीला दुसऱ्या दरवाजासाठी लागलेल्या वेळेच्या तोडीचे. सुरुवातीला काही पॅनेल काढून रोशेल क्षाराच्या द्रावणात बुडवली गेली. हा क्षार तांब्याच्या गंजाला विरघळवतो आणि सोन्याला धक्का लावत नाही. पण त्यासाठी पॅनेल चौकटीतून सोडवणे भाग होते आणि गिबेर्तीच्या माणसांनी ती इतकी घट्ट बसवली होती की काढतानाच इजा होण्याची भीती होती. म्हणून पुढच्या भागांसाठी लेझर वापरण्यात आला. लेझरचा झोत अतिशय कमी वेळाचा असतो. वरचा मळ उडून जातो, पण उष्णता खालपर्यंत पोहोचण्याआधी झोत संपलेला असतो. सोन्याखाली पाऱ्याने धरलेला बंध तापला असता तर मुलामाच सुटला असता. सोने जिथे गेले होते तिथे ते नव्याने चढवले नाही.

एवढे करूनही सोन्याखालचे सगळे क्षार निघणे शक्य नव्हते. त्यांना शांत ठेवायचे तर आर्द्रता कमी आणि कायम ठेवणे हाच उपाय. रस्त्यावर ते अशक्य. म्हणून सुमारे आठ टनांचा हा दरवाजा सप्टेंबर २०१२ मध्ये कॅथेड्रलच्या संग्रहालयात, नायट्रोजन भरलेल्या कोरड्या पेटीत आला. दार म्हणून त्याचे काम संपले. त्यानंतर गिबेर्तीचा पहिला दरवाजाही दुरुस्त करून आत आणला गेला आणि २०१९ मध्ये पिसानोचा. १४५२ मध्ये ज्या पहिल्या दरवाजाला दुसऱ्यासाठी पूर्वेची जागा सोडावी लागली होती, तो आता त्याच संग्रहालयाच्या दालनात त्याच्या सोबतीला आहे.